पाच दिवस जनावरांच्या बेताने : रामटेक ते परसवाडा

पूर्व विदर्भातल्या जंगल-तलावांची ही वाट नागपुरातून निघते आणि गोंदियाला संपते. रामटेक, सिल्लारी, नागझिरा, नवेगावबांध, परसवाडा. पाच दिवस, चार मुक्काम. हंगाम जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. धान घरात आलेलं असतं, तलावांत पाणी असतं, पाहुणे पक्षी उतरलेले असतात. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र सोडून द्यायचा. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि सफारीच्या जिप्स्यांनी दोन्हीकडून तिची वाट अडवली. व्हिडिओ पसरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. जिप्स्यांत बसलेले पाहुणे बहुधा ‘पैसे वसूल’ म्हणत घरी गेले असतील.

सामानात दुर्बीण, मळकट हिरवे-तपकिरी कपडे, चेन असलेली कापडी पिशवी, काचेवर लाल जिलेटिन कागद बांधलेली विजेरी, पुठ्ठ्याचं एक खोकं, जुना टॉवेल आणि वही. वहीत दर ठिकाणी दोनच नोंदी करायच्या: आपण पोचलो तेव्हा जनावर काय करत होतं आणि आपण निघालो तेव्हा काय करत होतं. दोन्ही नोंदी सारख्या आल्या तर भेट नीट झाली. चरणारं चितळ मान वर करून उभं राहिलं असेल, काठावर झोपलेली बदकं मध्यभागी सरकली असतील, तर अंतर आपलंच चुकलं.

पहिला दिवस : नागपूर – रामटेक – सिल्लारी

नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. गडावर जाताना नारळ-फुटाण्यांच्या दुकानांपासूनच वानरं दिसू लागतात. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं हे वानर मुळात पानं, शेंगा, कोवळी फळं खाणारं. त्याचं पोट गाईम्हशीसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यातले जिवाणू पानं सावकाश आंबवून पचवतात. त्या पोटात बिस्किट, पोळी, पेढा, गूळ गेला की पीठ-साखर झपाट्याने आंबते, आम्ल वाढतं, पोट फुगतं. बाहेरून वानर धष्टपुष्ट दिसतं, म्हणून खाऊ देणाऱ्याला आपण पुण्य केलं असंच वाटतं. त्यातून दुसरं नुकसान होतं ते रस्त्यावर. गाडीतून केळं फेकणारे असले की कळप डांबरालगत बसून राहतो आणि लेकुरवाळ्या माद्या चाकाखाली येतात.

वर चढताना प्रसाद, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, सगळं चेनच्या पिशवीत. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे त्यांच्या लेखी खाऊच; तिच्या नुसत्या आवाजावर वानर झेपावतं. वानर समोर आलंच तर दोन्ही तळवे उघडून रिकामे हात दाखवायचे, नजर बाजूला वळवायची आणि सावकाश मागे सरायचं. दात दाखवून हसायचं नाही, वानराच्या भाषेत ती धमकी आहे. पळायचं नाही. पिशवी धरली असेल तर ओढाताण न करता सोडून द्यायची. चावे बहुतेक वेळा या ओढाताणीतच होतात. मुलाला कडेवर घ्यायचं, कारण वानराच्या डोळ्यांच्या उंचीचं माणूस त्याला दबवायला सोपं वाटतं.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते आणि ती त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. म्हणजे दुसरं टोचणं सहलीतच येणार, त्यामुळे पुढच्या मुक्कामाजवळचं ग्रामीण रुग्णालय आधीच पाहून ठेवायचं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, लागतं. ते आहे का हे आपणहून विचारायचं.

खिंडसी तलावावर अर्धा तास पुरतो. तिथून मनसर, मग राष्ट्रीय महामार्ग ४४ ने पवनीकडे आणि आत सिल्लारी, पेंच व्याघ्र प्रकल्पाचं गेट. अंधार पडायच्या आत पोचायचं.

दुसरा दिवस : पेंच

सफारी वनविभागाच्या संकेतस्थळावरून आधी बुक केलेली असते. एका जिप्सीत सहा पाहुणे, एक गाइड, एक चालक. पहाटे उघड्या गाडीत हाडं गोठतात, म्हणून कानटोपी आणि जाड शाल लागतेच; भडक रंगाचं फडफडतं जॅकेट नको. जंगलात मोबाइल वापरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पूर्वी एका गाडीला वाघ दिसला की फोनवर फोन जायचे आणि दहा मिनिटांत पंधरा जिप्स्या धुरळा उडवत हजर.

गेटवर गाडी सुटण्याआधी एक वाक्य गाइड आणि चालक दोघांच्या कानावर घालायचं: “भाऊ, वाघ दिसो न दिसो, बक्षिसी ठरलेली आहे. गाडी सावकाश चालवा.” याने जितका फरक पडतो तितका पाट्यांनी पडत नाही. जवळच्या खेड्यातल्या त्या पोराची कमाई वाघावर टांगली की तो गाडी पळवणारच, पुढच्या गाडीला घासून उभी करणारच. पाहुण्यांनीच लावलेली ही सवय पाहुण्यांनाच मोडता येते.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कुठल्याही वन्यप्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर ठेवायचं असतं. वीस मीटर डोळ्याने मापता येत नाही असं म्हणतात, पण जिप्सी साधारण चार मीटर लांब असते. मधल्या जागेत पाच जिप्स्या एकामागे एक मनात उभ्या करून बघायच्या. मावत नसतील तर गाडी जवळ आहे.

वाघ जंगलातला रस्ता सोडत नाही याला कारणं आहेत. फुफाट्यात तळव्यांना काटे लागत नाहीत आणि कडेच्या झाडांवर मूत्र फवारून हद्द राखता येते. म्हणजे रस्त्याने चालणारा वाघ कामावर असतो. तो समोरून येत असताना मागे मागे रिव्हर्स घेत त्याच्या पुढे राहणं हा प्रकार थरारक वाटतो, पण गाडी मागे सरकत असली तरी वाट अडलेलीच असते. गाडी रस्त्याच्या एका कडेला घेऊन इंजिन बंद करायचं आणि दुसरी कडा मोकळी ठेवायची. मागच्या गाडीलाही हाताने तेवढी खूण करायची. वाघीण रस्ता ओलांडून थांबली आणि मागे वळून बघतेय, तर पिल्लं अजून अलीकडे आहेत असं धरून चालायचं. तेव्हा मधल्या पट्ट्यात गाडी नेली की कुटुंब दोन तुकड्यांत फुटतं. कान मागे चिकटले, शेपटीचं टोक झटके देऊ लागलं, चाल मोडून ती गाडीकडे टक लावून उभी राहिली, तर आणखी फोटोंसाठी थांबायचं नसतं.

खरं शिक्षण चितळांकडून मिळतं. आधी एक मान वर, मग कान ताठ, मग पुढचा खूर जमिनीवर आपटणं, शेपटी वर, आणि शेवटी कॉल, म्हणजे धोक्याची हाक. हा कॉल मुख्यतः वाघ-बिबट्यासारख्या शिकाऱ्यांसाठी असतो. गाडीसाठी चितळ बहुतेक वेळा खुरावरच थांबतं. खूर आपटला की चालकाला “थोडं मागे” म्हणायचं. पाच मिनिटांत मान पुन्हा गवतात जाते की नाही ते पाहायचं. उन्हाळ्यात याच गाड्या पाणवठ्यावर कोंडाळं करून उभ्या राहतात, तेव्हा पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गवे झाडीत ताटकळतात. पाणी प्यायला आलेलं जनावर तहानलेलंच परत गेलं, याची नोंद कुठल्याही कॅमेऱ्यात नसते.

दुपारी परत येताना महामार्गाखालच्या वाटा बघण्यासारख्या आहेत. नागपूर-सिवनी रस्ता चौपदरी करताना पेंचच्या पट्ट्यात जनावरांसाठी पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ रचना बांधल्या. सगळ्यात लांब साडेसातशे मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघासह अठरा प्रजातींचे प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. ही नवलाई गाडी न थांबवता, वरूनच बघायची. फोटोसाठी खाली उतरलं की माणसाचा वास त्या वाटेवर बसतो, डब्यातलं उरलंसुरलं टाकलं तर कुत्री येतात, आणि ज्या कामासाठी एवढं सिमेंट ओतलं तेच बिघडतं.

रात्र सिल्लारीच्या आभाळाची. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पेंचला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले दिवे झाकण घातलेले, उजेड खाली पाडणारे केले गेले. तारे बघणाऱ्यांची सोय झाली, आणि पतंग-किड्यांचीही. पांढऱ्या दिव्याभोवती रात्रभर घिरट्या घालणारा पतंग ना फुलावर जातो ना जोडीदाराकडे. पहाटे तो पालीच्या तोंडी नाहीतर झाडणीत. म्हणून खोलीबाहेरचा दिवा बंद ठेवायचा, पडदे ओढायचे, चालताना लाल विजेरी पायाशी. रिसॉर्टवाल्याला शेकोटी नको म्हणून सांगितलं तर तो आधी चक्रावतो.

तिसरा दिवस : रामटेक – भंडारा – साकोली – नागझिरा

हा प्रवासाचा दिवस. भंडाऱ्यानंतर महामार्ग ५३ वर लाखनी, साकोली. या दिवसांत इकडच्या गावांत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात आणि रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली की पाहुण्यांना उतरायचा मोह होतो. उतरावं, पण डोळे उघडे ठेवून. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा कायम ठेवला, तो अटींसकट. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, धाव हजार मीटरपेक्षा लांब नको, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी, आणि काठी, चाबूक, तुतारी (टोकाला खिळा असलेली काठी), विजेचा झटका काही चालत नाही.

पट बरा की वाईट हे दानीवर, म्हणजे धावपट्टीवर, बघून कळत नाही. बैल सोडतात तिथे जाऊन कळतं. बैलाच्या पुठ्ठ्यावर टाचणीएवढे रक्ताचे ठिपके असतील तर तुतारी टोचलेली आहे. शेपटीच्या बुंध्याशी जखम असेल तर शेपूट पिरगाळलेलं किंवा चावलेलं आहे. धाव संपून दहा मिनिटांनी तोंडाची लाळ तुटत नसेल, मान लांब करून जीभ बाहेर काढून श्वास चालला असेल, तर जोडी क्षमतेबाहेर पळवली आहे. चांगला पटकरी बैलाला लगेच बसू देत नाही, हळूहळू फिरवतो, अंगावर झूल टाकतो, पाणी घोटाघोटाने पाजतो. अशा माणसाशी बोलत बसावं, बैलांबद्दल तासभर ऐकायला मिळेल. तुतारी दिसली तर तिकीट, वर्गणी, टाळी काहीच द्यायचं नाही. तक्रार करायचीच असेल तर तिथल्या पशुवैद्यकाकडे किंवा पोलिसांकडे. मालकाशी भर गर्दीत हुज्जत घातली तर त्याचा राग संध्याकाळी बैलावरच निघायचा.

मुक्काम पिटेझरी किंवा चोरखमारा गेटाजवळच्या गावात. मोहाच्या झाडाखाली चूल, पातळ भाजी आणि तांदळाची भाकर.

चौथा दिवस : नागझिरा – नवेगावबांध

नागझिरा १९७० चं अभयारण्य, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. इथे वाघापेक्षा रानकुत्र्यांसाठी यावं. तांबूस अंग, झुपकेदार काळी शेपटी, भुंकण्याऐवजी शीळ. जानेवारी हा त्यांच्या पिल्लांचा काळ. नाल्याच्या काठाला, दरडीत बीळ असतं. कळप शिकारीला जातो, एखादं-दुसरं मागे राखणीला राहतं आणि परतलेले पोटातलं मांस ओकून पिल्लांना भरवतात. बिळाजवळ गाड्या येऊ लागल्या की ते पिल्लं दुसरीकडे हलवतात, आणि या हलवाहलवीत पिल्लं दगावतात. गाइडने बिळाची जागा दाखवायची तयारी दाखवली तरी नको म्हणावं. कळप एकाच कोपऱ्याकडे वारंवार वळून बघत असेल, शीळ घालत असेल, तर बीळ तिकडे आहे. गाडी उलट दिशेला वळवायची.

गेटावरची गावकुत्री हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. पाहुणे चहाबरोबर त्यांना पार्लेजीचे पुडे फोडतात. मन चांगलं असतं, पण रोजच्या बिस्किटांवर गेटापाशी दहा-बारा कुत्र्यांचा जथा तयार होतो, तो रात्री जंगलात शिरतो, चितळाची पाडसं धरतो आणि जाताना डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज असे रोग घेऊन जातो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपरने मरतूक झाली होती. रानकुत्री तर गावकुत्र्यांच्याच कुळातली, एकाच शिकारीवर वीस तोंडं लागणारी. एकाला लागण झाली की कळप जातो. कुत्र्यांसाठी काही करायचंच असेल तर बिस्किटांचे पैसे गावातल्या लसीकरणाला द्यावेत. ग्रामपंचायतीत विचारलं तर शिबिर कधी असतं ते सांगतात.

दुपारी साकोली-कोहमारा मार्गे नवेगावबांध. अकरा चौरस किलोमीटरचा हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला असं सांगतात. भोवती सात बहिणींचे डोंगर. सगळ्यात मोठं आकर्षण पट्टकादंब, हिमालय ओलांडून येणारा हंस. त्याच्याबद्दल एक गोष्ट पाहुण्यांना माहीत नसते: तो बराचसा रात्री शेतात चरतो आणि दिवसा पाण्यावर झोपतो. म्हणजे दुपारी दोन वाजता यंत्राची होडी थव्याकडे नेणं हे मध्यरात्री कुणाच्या दारावर धडका मारण्यासारखं झालं. एकदा उडालेला थवा दुसरीकडे बसायला बराच वेळ घेतो आणि परतीच्या उड्डाणासाठी साठवलेली चरबी त्यात जळते. होडीत बसायचं असेल तर वल्ह्याची घ्यावी, काठाकाठाने जावं, थव्यावर रोख धरू नये. माना पंखांत असतील तर ठीक. माना उभ्या झाल्या की वल्हं थांबवायचं. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या की पुढच्या क्षणी थवा उडणार, तेव्हा आधीच मागे फिरायचं.

पाचवा दिवस : कोहमारा – मुरदोली – गोंदिया – परसवाडा

सूर्य वर आल्यावरच निघायचं, घाई करायची नाही. कोहमारा-गोंदिया रस्ता मुरदोलीच्या जंगलातून, व्याघ्र प्रकल्पाच्या दोन तुकड्यांच्या मधून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये इथेच रात्री मोटारीच्या धडकेने जबर जखमी झालेला वाघ पुढे मेला. हिशेब साधा आहे. ताशी ८० च्या वेगात, जनावर दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे सत्तर मीटर लागतात. ४० च्या वेगात सुमारे पंचवीस. खाली पाडलेल्या दिव्यांचा उजेड चाळीस-पन्नास मीटर पोचतो. म्हणजे ८० ने चालवणारा जिथे दिसतं त्याच्या पलीकडे जाऊन थांबतो. शिवाय प्रखर दिव्यात चितळ, ससा, उदमांजर जागीच खिळतात. दिवे खाली, वेग ४०, आणि एक जनावर ओलांडून गेलं की दुसऱ्याची वाट बघत अर्धा मिनिट थांबायचं. चितळं आणि रानडुकरं एकटीदुकटी क्वचितच ओलांडतात.

जखमी जनावर दिसलं तर गाडी कडेला, धोक्याचे दिवे चालू, आणि वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. किलोमीटरचा दगड वाचून सांगायचा, “जंगलात एका वळणावर” असं नाही. पक्षी किंवा ससा असेल तर टॉवेल टाकून उचलायचा आणि भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचा. तोंडात पाणी ओतायचं नाही. ते फुप्फुसात जातं आणि जखमेने न मेलेलं पाण्याने मरतं. मोठ्या जनावराला हात लावायचा नाही, घोळका होऊ द्यायचा नाही.

गोंदियाहून परसवाडा, झिलमिलीचे तलाव. महाराष्ट्रातले शेवटचे सारस बहुतांशी याच जिल्ह्याच्या धानबांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, आणि वैनगंगा-बाघेच्या काठांवर टिकले आहेत, आणि तेही मोजके. इथली ‘सेवा’ ही संस्था वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांची मोजदाद करते. सारस पावसाळ्यात, रोवणीनंतर, पाण्याने भरलेल्या बांधीत गवत-धानाचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. घरट्यापाशी फोटोवाला गेला की नर-मादी उठून लांब उभे राहतात आणि तेवढ्यात कावळे काम उरकतात. म्हणून जुलै ते ऑक्टोबर या भागात सारस बघायला येऊच नये, आणि कुणी घरट्याची जागा सांगितली तर ती पुढे पाठवू नये. ड्रोन तर नकोच. वरून येणारी वस्तू म्हणजे त्याला शिकारी पक्षी.

जानेवारीत जोडीबरोबर गेल्या पावसाळ्याचं एखादं पिल्लू असतं, डोक्या-मानेवर अजून दालचिनी रंगाची पिसं. पाच-सहा फूट उंचीचा हा पक्षी दुर्बिणीतून दीडशे मीटरवरून पोटभर दिसतो. बांधावर उभं न राहता खाली बसायचं. क्षितिजावर उभं माणूस त्याला लगेच खुपतं. चोच चिखलात असेल तोवर सगळं ठीक. चोच वर, मान ताठ, पिल्लू दोघांच्या मधे, एवढं दिसलं की बसल्या जागेवरून मागे सरकायचं. शेतमालक भेटला तर आधी राम राम, मग परवानगी. बांध तुडवला की त्याची उन्हाळी धानाची तयारी मोडते आणि त्याचा राग पुढच्या वर्षी घरट्याला भोवतो. बांधीत सारसाने अंडी घातली तर तेवढा तुकडा न कापता सोडणारे शेतकरी इथे आहेत. मुक्काम, जेवण, गाडी त्यांच्याच गावात घेतलं तर त्या सोडलेल्या तुकड्याची थोडी भरपाई होते.

साडेपाचच्या सुमारास जोडी उथळ पाण्यात रात्रीच्या जागेवर येऊ लागते. त्याआधी तलाव सोडायचा, गाडी ढकलत रस्त्यापर्यंत न्यायची आणि मगच सुरू करायची.